किमयाचे पन्नास टक्के

८ जुलै २०२५, मंगळवार

नेमणुकीचं पत्र आलं. 'विशेष शिक्षक (कंत्राटी), मुदत मार्चअखेर.' बाबांना ते पंक्चरच्या दुकानात चिकटवायचं होतं. मी झेरॉक्स दिली. आता गडबला हायवेवर हवा भरायला थांबणारा प्रत्येक ट्रकवाला माझं नाव वाचतो.

"पन तू शिकवनार काय?" बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं. म्हटलं, ज्या मुलांना शिकायला वेळ लागतो, ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्यांना. "मंग सोपं नाय ते," म्हणाले आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागले.

रोह्याच्या केंद्रात बिल्किस आपा माझ्या शेजारच्या खुर्चीवर. अकरा वर्षं हेच काम करते. "दर मार्चला मी संपते गो, आणि जूनला परत उगवते," म्हणाली. समन्वयक निलेश सरांनी काम समजावलं. मूल शोधायचं, जिल्ह्याच्या शिबिराला न्यायचं. तिथे डॉक्टर अपंगत्वाचे टक्के ठरवतात. चाळीस किंवा त्याच्या वर असले तर मुलाला सगळं मिळतं: घरी शिक्षक, पेणला बोलायला शिकवणारी वाचातज्ज्ञ, आईसकट एसटीचं भाडं. "चाळीसच्या खाली असलं तर ते मूल आपलं नाही."

सगळं लिहून घेतलं. शेवटचं वाक्य सोडून.

१७ जुलै, गुरुवार

खाडीकडच्या गावात गेले. मिनीडोर रिक्षा बांधापर्यंत सोडते, पुढे वीस मिनिटं चालत. दुसरीच्या वर्गात गुणाजी गुरुजी हजेरी घेत होते आणि प्रत्येक नावाला कोपऱ्यातली एकच मुलगी ओरडत होती, "हजल!" गुरुजी म्हणाले, "हिच्या एकटीच्या जिवावर माझा पट भरतो."

ही किमया. आठ वर्षांची. पाचच्या पुढे आकडे येत नाहीत, आत्ता सांगितलेलं थोड्या वेळाने विसरते, जीभ जड आहे. पण बोलते, आणि थांबत नाही. मी बसून तिचे शब्द मोजले. त्रेसष्ट. त्यातले सतरा माशांचे. मला विचारलं, "बाई, तुजी आई कुटं?" मी सांगितलं गडबला. मग घरी पोचेपर्यंत वाटेतल्या प्रत्येकाला सांगत होती, "बाईची आई गलबला."

घरात आई चंद्रावती. शेत करते आणि ओहोटीला खाडीत जाते. बाप हरेश धाटावला कंपनीत आहे, त्याची शिफ्ट सुटायची होती. आजोबा महिपतींचा उभा जन्म मिठागरात गेलेला. टाचा पांढऱ्या पडल्यात, लाकडासारख्या.

चंद्रावती म्हणाली, "मॅडम, हिचं बोलनं मना कलतं, गुरुजींना कलतं. गावाबाहेर कुनाला कलत नाय. उद्या मी मेले तर ही पानी तरी कसं मागंल? हिला बोलायला शिकवा. दुसरं काय नको."

मी शब्द दिला. असं एकदम वचन द्यायचं नसतं, हे कॉलेजात शिकवलं होतं. तरी दिला.

११ ऑगस्ट, सोमवार

शिबिर नऊ दिवसांवर आलं. गेले तीन आठवडे रोज दुपारी बांधावरून चालत जाते. रंग, आकार, मोठं-लहान, आधी-नंतर. दहापर्यंत आकडे आले! किमया ते मासे मोजून शिकली. आज नवे शब्द धरून ब्याण्णव झाले.

बिल्किस आपाने विचारलं, "एवढी तयारी कशाला करतेस?" मी म्हटलं, परीक्षा आहे ना. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिला फोन आला.

२० ऑगस्ट, बुधवार

शिबिर. लांब टेबल, पांढरे कोट, भिंतीपाशी बसलेल्या आया. किमयाने लाल ठोकळा दिला, निळा दिला, दहा मोजले. डॉक्टरीणबाईंचं नाव विचारून घेतलं. सगळे हसले. मी बाहेर आले तेव्हा रडू येत होतं, इतका आनंद झाला होता.

संध्याकाळी निकाल. पंचवीस टक्के.

निलेश सर हसत म्हणाले, "अभिनंदन मॅडम. मुलगी पास झाली. यादीतून गेली."

२१ ऑगस्ट, गुरुवार

चंद्रावतीला सांगायला गेले. तिला वाटलं पंचवीस म्हणजे थोडं तरी मिळेल. "पंचवीस तर पंचवीस. आठवड्यातनं एकदाच पेनला नेऊ." मला समजावता येईना. आपण चांगलं केलं म्हणून मिळालं नाही, हे कुठल्या शब्दांत सांगायचं? शेवटी हरेशलाच कळलं. "म्हंजे तुम्ही तिला शिकवलीत, आनि तिचं गेलं," म्हणाला. रागाने नाही म्हणाला. डबा घेऊन शिफ्टला गेला.

मी अपील करणार. नियमात फेरतपासणी आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

फेरतपासणीला नाव लागलं. अठरा तारीख. निलेश सरांनी दार पुढे केलं आणि म्हणाले, "या वेळी काही शिकवू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काही शिकवू नका." मग म्हणाले, "तिला वाचातज्ज्ञ हवी आहे का नको? हवी आहे. गरज खरी आहे का खोटी? खरी. मग कागद गरजेसारखा दिसला पाहिजे. बास."

दिवसभर विचार केला. सर वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं तपासून बघितलं तर कुठे चूक सापडत नाही. गरज खरी आहे. किमयाला शिकवायची सोय झाली की ती आपोआप पुढे जाईल. एका दिवसाचं गप्प राहणं आणि पुढची सगळी वर्षं बोलणं. यात तोटा कुणाचा आहे?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

किमयाला गप्प बसवणं शिकवण्यापेक्षा अवघड. "बोलायचं नाही" म्हटलं की विचारते, "का?"

महिपती आजोबांनी मार्ग काढला. मिठागरात मालकाची माणसं आली की पोरांनी तोंड उघडू नये, म्हणून त्यांचा बाप मिठाचा खडा जिभेखाली द्यायचा. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. बोललं की खडा पडतो, पडला की हरलं. "आमी समदे असंच शिकलो," आजोबा म्हणाले. "मालक समोर असला की अजून माझी जीभ उचलत नाय."

किमयाला खेळ फार आवडला. पहिल्यांदा हसून खडा सांडला. पाचव्या वेळेला पूर्ण विरघळला. तिने जीभ बाहेर काढून दाखवली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तिला नीट समजावलं. डॉक्टर दिसला, टेबल दिसलं, कागद दिसला, की खेळ सुरू. तिने मान हलवली. या वेळी विसरणार नाही असं वाटतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पन्नास टक्के.

बाहेर आल्यावर चंद्रावतीने माझे हात धरले. किमयाने जीभ दाखवली आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिली. वाजवल्या. मग म्हटलं, आता बोल! ती मिनीडोरमध्ये बसेपर्यंत बोलली नाही. बसल्यावर म्हणाली, "बाई, मी जिंकली."

काल रात्री लिहिलेलं पान फाडलं. उगाच भीती लिहिली होती.

६ ऑक्टोबर, सोमवार

पेणला वाचातज्ज्ञ प्रतिक्षाताईंकडे पहिला तास. मंजुरी इतक्या लवकर येते हे बिल्किस आपालाही खरं वाटेना. छान खोली आहे, आरसा, चित्रं, टेबल. ताई अंगावर पांढरा कोट घालतात.

किमया पाऊण तास तोंड मिटून बसली. मी आरशातून खुणावलं, बोल, चालेल. तिने आरशातल्या माझ्याकडे बघितलं आणि ओठ आणखी आवळले.

प्रतिक्षाताई म्हणाल्या, "कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त अडचण दिसते." मी म्हटलं, नवीन जागा आहे. त्यांनी लिहून घेतलं.

एसटीत शेंगदाणे खाताना म्हणाली, "मी जिंकली?" मी हो म्हटलं. नाही कसं म्हणायचं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

चौथा तास. तसंच. घरी मात्र बोलते. थोडं कमी. मोजले नाहीत.

२९ ऑक्टोबर, बुधवार

वरून पत्र आलं आहे. जिल्ह्यातली प्रमाणपत्रं पुन्हा तपासणार. पथक घरी येणार, तारीख न सांगता. आमच्या तालुक्यातून तक्रार गेली आहे म्हणे, की चांगल्या चालत्या-बोलत्या मुलांना टक्के दिले. कुणाची, कुणाबद्दल, माहीत नाही. निलेश सरांनी पत्र वाचून घडी घातली आणि मला म्हणाले, "फेरतपासणीच्या अर्जावर सही तुमची आहे, मॅडम. लक्षात आहे ना?"

बिल्किस आपासोबत चहाला गेले. सगळं सांगून टाकलं. तिने चहा बशीत ओतला. "जाऊन खरं सांग, पंचवीस होऊ दे," म्हणाली. "नोकरी जाईल तुझी. माझ्या भावाच्या दुकानात बस, सुकी मासळी विक. तिथे तरी लोक वास आला म्हणून सांगतात तोंडावर."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, आपा, आता खरं सांगितलं तर मुलीचे तास बंद होतील.

"तासाला काय करते ती?"

मी चहाचे पैसे दिले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हरेशला पत्राबद्दल सांगितलं. त्याने बायकोला सांगितलं, "शालंत पाठवायची नाय. तितं ती वरडते हजर हजर. कोनी मोबाइल काडला तर संपलं." चंद्रावतीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आठ दिवस. पथक येऊन जाईपर्यंत फक्त. आणि कोणी विचारलं तरी ती बोलत नाही, असंच सांगायचं.

गुरुजींना सांगितलं, ताप आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पथक आलं नाही. पुढे गेलं, एवढंच कळतं. आठाचे पंधरा दिवस झाले.

शाळेत बालदिन होता. गुरुजी म्हणाले, "ताप फार लांबला हो. वर्ग ओसाड वाटतो. हजेरीला नाव घेतलं की पोरं आधी कोपऱ्यात बघतात, मग हजर म्हणतात." मी म्हटलं, बरी होईल.

तिच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. बांधावरून मोटरसायकल आली की किमया उठून भिंतीपाशी जाऊन बसते, हात मांडीवर, तोंड मिटून. कुणी सांगावं लागत नाही. मोटरसायकल दुधवाल्याची असली तरी. आता खडाही लागत नाही, आजोबा कौतुकाने म्हणाले. शेजारणीसमोर बोलत नाही, मामासमोर बोलत नाही.

"घरात?" मी विचारलं.

"घरात बोलते की," चंद्रावती म्हणाली. मग जरा थांबून, "परवा बोलली."

मला बरं वाटलं हे इथे लिहिते. पथक केव्हाही आलं तरी चालेल, हे सगळ्यात आधी मनात आलं. ते का आलं, यावर नंतर विचार करेन.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

झालं! सुटलो!

सकाळी दहाला सरांचा फोन, पथक बांधाकडे निघालं आहे, धावा. मी पोचले तेव्हा तिघं पडवीत खुर्च्यांवर बसले होते. एक डॉक्टर, एक बाई, एक लिहून घेणारे. चंद्रावती खाडीवरून येऊन पोचलीच होती, पदर ओला, माशांची पाटी मागच्या दारी तशीच टाकलेली. तिने आत जाऊन किमयाला बाहेर आणून बसवलं.

किमया कमाल वागली. डॉक्टरांनी नाव विचारलं, चित्रं दाखवली, खेळणं दिलं आणि काढून घेतलं, टाळी वाजवली. काही नाही. उजवा हात फ्रॉकच्या घोळात घालून सरळ बसली होती. खेळणं पुढे केलं तरी तो हात बाहेर काढला नाही, डाव्यानेही घेतलं नाही. मधेच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ओठ थरथरत होते, पण आवाज म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, "घाबरली वाटतं." पाऊण तास. एवढी शिस्त मी मोठ्या माणसांत बघितलेली नाही. मला तिचा अभिमान वाटला.

लिहून घेणारे जाताना म्हणाले, "पन्नास कमीच वाटतात. पंचाहत्तरची शिफारस करू. तिथून सवलती आणखी वाढतात."

निलेश सरांनी फोनवर मला पहिल्यांदा 'नमिता' म्हटलं. घरी येताना बाबांसाठी जिलेबी घेतली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सहाला चंद्रावतीचा फोन. किमया रात्री जेवली नाही. हात घोळातून काढेना, म्हणून झोपल्यावर बघितला तर पंजा सुजून टम्म. शिंगाळा माशाचा विषारी काटा.

चंद्रावती पाटी मागच्या दारी टाकून मुलीचा फ्रॉक बदलायला आत गेली, पथकातल्या लोकांना पाणी द्यायला पुढे आली. तेवढ्यात किमयाने पाटीत हात घातला असणार. पाटीत दोन शिंगाळे जिवंत होते. बिल्किस आपाला सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात घेतला. हा काटा लागला की होडीवरचे गडी लोळतात, आईच्या नावाने ओरडतात, ती म्हणाली. तिचा भाऊ एकदा बेशुद्ध पडला होता.

म्हणजे पथकासमोर ती बसली तेव्हा काटा लागून झाला होता.

हळद लावली आहे, गरम पाण्याने शेकलं आहे. हरेश म्हणतो, दवाखान्यात आत्ता नको. डॉक्टर विचारणार, कधी लागला, मुलगी काही बोलली नाही का. कागद अजून वर गेलेला नाही. दोन दिवस थांबू.

मी आग्रह धरायला हवा होता. मी म्हटलं, उद्या बघू.

३० नोव्हेंबर, रविवार

दवाखान्यात बसून लिहिते आहे.

पहाटे अंगात ताप भरला. सूज मनगटाच्या वर चढली. हरेश शिफ्टला होता. मी मिनीडोर बांधापर्यंत नेली, चंद्रावतीने तिला खांद्यावर आणलं.

तरुण डॉक्टर आहे, भला आहे. हात बघून त्याचा चेहरा बदलला. काट्याचा तुकडा आत असावा, म्हणाला, आणि विष की पू, कुठवर गेलंय, ते बघायला हवं. तो बोट ठेवत वर वर सरकत होता. "इथे दुखतं? इथे? बाळा, नुसतं हं म्हण." टेबल, पांढरा कोट, शेजारी नर्सच्या हातात कागद. किमयाने ओठ मिटले आणि हात मांडीवर ठेवायला बघू लागली.

"बोलत नाही का ही?" त्याने विचारलं.

चंद्रावतीने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "बोलते. हिला बोलता येतं. ब्याण्णव शब्द येतात. वाक्यं येतात." माझा आवाज फार मोठा झाला होता. बाकावरची माणसं वळली. "हिला मी गप्प बसायला शिकवलं आहे. डॉक्टरसमोर बोलायचं नाही, असं मीच शिकवलं."

तो गोंधळला. नर्सने चंद्रावतीच्या पिशवीतलं प्रमाणपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं. मग चंद्रावतीला विचारलं, "आई, तुम्ही सांगा. बोलते का मुलगी?"

चंद्रावतीने मुलीचा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. तिने तो खाली ठेवला नाही, वरही बघितलं नाही.

"नाय डॉक्टर. जन्मापासनं नाय बोलत. मॅडमची माया हाय तिच्यावर, म्हनून त्यांना तसं वाटतं."

"चंद्रावती," मी म्हटलं.

"तुम्हीच सांगितलंत ना मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "कोनी विचारलं तरी."

डॉक्टरने मला बाजूला बसायला सांगितलं. नीट, समजुतीने सांगितलं, रडणाऱ्या नातेवाइकांना सांगतात तसं. मी किमयासमोर गुडघ्यांवर बसले. तिला म्हटलं, खेळ संपला. खरंच संपला. हरणार नाहीस. ओरड, माझ्यावर ओरड, बाईला मार. कुठे दुखतं ते सांग. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, टाळ्यांच्या आधी बघते तशी. ताप इतका होता की तिच्या श्वासाची वाफ माझ्या गालावर येत होती.

शेवटी मीच तिच्या हातावर बोट ठेवत वर जायला लागले. मनगट. कोपराच्या खाली. कोपर. डॉक्टर माझ्या शेजारी उभा राहून तिचा चेहरा बघत होता. दंड. काही नाही. तिचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा होता.

खांद्यापाशी बोट टेकवलं तेव्हा तिने डोळे मिटले. दुखलं म्हणून मिटले, की आणखी चांगलं खेळायचं म्हणून, ते मला ओळखता आलं नाही. डॉक्टर म्हणाला, "बघा, खात्री नाही. कापायचं कुठून?"

तिला आत नेलं आहे.